दुसऱ्याचं सॉफ्टवेअर, आपले पॅच : ब्रँचच्या फेरमांडणीच्या नोंदी

सोमवार, १५ डिसेंबर २०२५

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांना आपण जॅकार्डच्या (कापडात नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) नक्षीचा जो प्रोग्रॅम बसवून देतो, तो मुळात आपला नाही. मूळ लेखक परदेशात बसून तो मोकळ्या परवान्याखाली लिहितात. आपण त्याचं डेबियन या लिनक्ससाठी पॅकेज बांधतो, मराठी आणि तेलुगू मेनू जोडतो, इथल्या मागांना लागतील ते बदल, म्हणजे पॅच, करतो. गेल्या आठवड्यात त्यांची २.६ ही नवी आवृत्ती आली. आपण अजून २.३ वरच आहोत. कारखान्यांतले नवे कॉम्प्युटर आता डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सीवर येणार, आणि तिथे २.३ बिल्डच होत नाही.

सकाळी २.६ आपल्या गिट रेपोवर (कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास ठेवतो ते कोठार) मर्ज करून, म्हणजे मिसळून, पाहिली. ७१ फायलींत कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोघांचे वेगळे बदल. दुपारपर्यंत नऊ सोडवले आणि थांबले. दहाव्या फायलीत समोर दोन तुकडे होते. त्यातलं आपण लिहिलेलं काय आणि त्यांच्याच जुन्या आवृत्तीतून आलेलं काय, हे मला सांगता येईना. तीन वर्षं या रेपोत एकच ब्रँच (बदलांची फांदी) आहे, मास्टर. त्यांचा कोड, आपल्या दुरुस्त्या, डेबियनचं फोल्डर, एखाद्या कारखान्यापुरती केलेली तडजोड, सगळं एकाच घमेल्यात कालवलेलं. ६१ कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, त्यातल्या चौदांचा संदेश नुसता 'फिक्स'. सोर्स फॉरमॅटसुद्धा '३.० नेटिव्ह' ठेवलेला. म्हणजे डेबियनच्या अवजारांना आपण तीन वर्षं सांगत होतो की हे सॉफ्टवेअर आमचंच आहे.

संध्याकाळी सरांना सांगितलं, मर्ज सोडते. आधी त्यांचं आणि आपलं वेगळं करते, मगच २.६ ला हात लावते. सर म्हणाले, संक्रांतीनंतर अण्णांच्या कारखान्यात नवे कॉम्प्युटर लागणार आहेत, तोवर व्हायला हवं. ठीक आहे.

बुधवार, १७ डिसेंबर

मूळ २.३ चा टारबॉल (लेखकांनी दिलेला कोडचा गठ्ठा) रेपोत कुठेच नव्हता. जुन्या सर्व्हरच्या डिस्कवर सापडला. लेखकांची सही तपासली, जुळली. तो टारबॉल जसाच्या तसा एका कोऱ्या ब्रँचवर ठेवला, दुसरं काहीही नाही. ब्रँचचं नाव 'अपस्ट्रीम/लेटेस्ट' (अपस्ट्रीम म्हणजे मूळ लेखकांकडचं), टॅग 'अपस्ट्रीम/२.३'. मग डेबियनचं फोल्डर वगळून मास्टरशी डिफ, म्हणजे फरक, काढला.

९,८०० ओळी! आपण एवढं लिहिलंय यावर विश्वास बसेना, आणि ते खरंही नव्हतं. बहुतेक सगळा भार 'कॉन्फिगर' आणि तिच्यासोबतच्या आपोआप तयार होणाऱ्या फायलींचा. कुणीतरी कधीतरी त्या घडवणारं 'ऑटोरिकॉन्फ' चालवून निकालासकट कमिट केलं होतं. डेबहेल्पर या पॅकेज बांधायच्या अवजाराच्या कम्पॅट १० या पातळीपासून हे काम बिल्डच्या वेळी आपसूक होतं आणि नंतर आवरलंही जातं, त्यामुळे त्या फायली आपण हातात धरून बसायचं कारणच नाही. उरलेल्यांत दोन मोठ्या फायली विंडोजच्या एडिटरमधून गेलेल्या, त्यामुळे प्रत्येक ओळीचा शेवट बदललेला. ओळीच्या शेवटचा सीआर (विंडोजचं जादा चिन्ह) दुर्लक्षून डिफ काढला तेव्हा खरं चित्र आलं: १४ फायली, ४१२ ओळी.

तीन वर्षांत आपलं म्हणावं असं एवढंच. त्या ४१२ ओळी छापून घेतल्या आणि घरी नेल्या.

शुक्रवार, १९ डिसेंबर

'अपस्ट्रीम/२.३' वरून तात्पुरती ब्रँच काढली आणि बदल तुकड्यातुकड्याने निवडू देणारं 'गिट ॲड -पी' वापरून त्या ओळी एकेक कारणाप्रमाणे उचलल्या. एका कारणाला एक कमिट. १७ झाले. प्रत्येकाला नाव आणि खाली दोन-चार ओळी: काय बदललं, का बदललं, कुणी मागितलं होतं.

दहांची कारणं जुन्या कमिटमधून किंवा ईमेलमधून मिळाली. सहांची सरांच्या आठवणीतून. सतराव्याचं कारण कुणाकडेच नाही. नक्षीची एक रांग फायलीत लिहिण्याआधी तिची लांबी तपासणाऱ्या तीन ओळी आहेत, त्या कुणीतरी कॉमेंट करून टाकल्यात. संदेश 'फिक्स', जुलै २०२३. ज्याने केलं तो मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. फोन केला. म्हणाला, "ताई, काहीतरी चालत नव्हतं, घाईत केलं असेल. आता नाही आठवत." त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्या वेळी कमिटचे संदेश बघणारं कुणी नव्हतं.

पॅच ठेवलाय. वर्णनात लिहिलंय: 'कारण माहीत नाही. शोधायचं आहे.'

सोमवार, २२ डिसेंबर

आज दिवसभर मांडणीवर चर्चा. सरांचं म्हणणं रास्त होतं. पॅच वेगळे ठेवण्याची कटकट कशाला? पॅकेजच्या ब्रँचवर सरळ बदल करावेत आणि नवी आवृत्ती आली की मर्ज करावी. ही पद्धत डेबियनमध्येही चालते, काही जाणती माणसं तीच वापरतात. गिटला मर्ज उत्तम जमतं, इतिहास पुन्हा लिहावा लागत नाही, नवशिक्याला शिकवायलाही सोपी.

माझी हरकत एकच. तीन वर्षांनी कुणी विचारलं की आज मूळ सॉफ्टवेअरपेक्षा आपलं वेगळं काय आहे, तर मर्जच्या पद्धतीत उत्तर म्हणून एक सलग डिफ हातात येतो. त्यात सतरा कारणांचे धागे पुन्हा एकमेकांत गुंतलेले असतात. आणि आपण नुकतेच त्यातूनच बाहेर पडतोय. मूळ लेखकांना एखादी दुरुस्ती पाठवायची तर ती सुटी हवी, संपूर्ण गठ्ठा त्यांच्या काय कामाचा? जिथे आपला बदल थोडा आणि मूळ लेखक जागे असतात, तिथे पॅचची रांगच बरी असं मी ठामपणे मांडलं. सर मानले.

तेव्हा ठरलं ते असं. 'अपस्ट्रीम/लेटेस्ट' या ब्रँचवर फक्त त्यांचं येईल, आपल्या हाताने तिथे एक अक्षरही कमिट करायचं नाही. पॅकेजच्या ब्रँचवर मूळ कोड न बदलता राहील, त्यावर डेबियनचं फोल्डर, आणि आपले सगळे बदल त्या फोल्डरात 'पॅचेस' मध्ये, सुट्या फायली म्हणून, 'सीरीज' या यादीतल्या क्रमाने. सोर्स फॉरमॅट '३.० क्विल्ट', मूळ कोड आणि पॅच वेगळे ठेवणारा. 'प्रिस्टिन-टार' नावाची तिसरी ब्रँच, तिच्यावर हाताने काही करायचं नसतं. ती टारबॉल बिटन् बिट तसाच पुन्हा उभा करण्यापुरता फरक साठवते.

नावांसाठी डेबियनचा डीईपी-१४ हा प्रस्ताव घेतला. त्यात पॅकेज बांधणाऱ्याचं नाव आधी आणि कुठल्या वितरणासाठी ते नंतर. डेबियन/, उबुंटू/, काली/ अशी उदाहरणं आहेत. आपलं पॅकेज डेबियनच्या भांडारात नाही, ते आपण आपल्यासाठी बांधतो, म्हणून 'डेबियन/' हे नाव घेणं बरोबर नाही. आपल्या ब्रँच 'सोलापूर/लेटेस्ट' आणि 'सोलापूर/बुकवर्म' (बुकवर्म म्हणजे डेबियन १२). नाव वाचल्यावर बरं वाटलं.

शुक्रवार, २६ डिसेंबर

जुनी मास्टर ब्रँच 'जुनी/मास्टर' नावाने गोठवली, सर्व्हरवर तिला पुश (नवं काही चढवणं) बंद केलं. पुसायची नाही, चौदा 'फिक्स' मागे कधीतरी काही सापडेल. १७ पॅच निर्यात झाले. पॅच लावून तयार झालेला कोड आणि जुन्या मास्टरचा कोड यांत आपोआप तयार होणाऱ्या फायली आणि ओळींचे शेवट सोडले तर फरक शून्य. हे तपासल्याशिवाय पुढे जाणार नव्हते.

मंगळवार, ३० डिसेंबर

२.६ आत घेण्यासाठी जीबीपी हे गिटमधून डेबियन पॅकेज बांधायचं अवजार. क्रम नीट पाळायचा: आधी 'जीबीपी पीक्यू इम्पोर्ट', मग 'जीबीपी इम्पोर्ट-ओरिग', मग 'जीबीपी पीक्यू रिबेस'. पहिल्या पायरीत सीरीजमधला प्रत्येक पॅच एकेक कमिट होऊन 'पॅच-क्यू/' अशी सुरुवात असलेल्या ब्रँचवर उतरतो. हे जुन्या कोडवरच करावं लागतं. आधी नवा कोड आणला आणि मग पॅच उतरवायला गेलं तर ते लागतच नाहीत. विसरलंच तर 'टाइम-मशीन' हा पर्याय आहे, तो पॅच लागतील असा मागचा कमिट शोधतो. पण सवय चांगली लागू दे.

टारबॉल घ्यायचा की त्यांच्या गिटमधला टॅग, यावर मात्र वेळ घेतला. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या फायली दाबायच्या साधनाचं प्रकरण उघड झालं ते मनात आहे. ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार होतं आणि ते जागं करणारी 'बिल्ड-टू-होस्ट.एमफोर' ही बदललेली फाईल फक्त टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. जे टारबॉलवर विसंबले त्यांना गिट वाचून काहीच दिसलं नसतं. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते सापडलं.

म्हणून दोन्ही घेतलं. टारबॉलची सही तपासून तो आत आणला आणि त्याच वेळी त्यांच्या गिटचा टॅगही पालक, म्हणजे आधीचा कमिट, म्हणून जोडला. जीबीपीत त्यासाठी 'अपस्ट्रीम-व्हीसीएस-टॅग' हा पर्याय आहे. आता 'ब्लेम' केलं की ओळ कुणी का लिहिली ते थेट मूळ लेखकांच्या कमिटपर्यंत दिसतं. पूर्वी सगळ्या ओळींवर आपल्याच माणसाचं नाव यायचं, ज्याने टारबॉल उलगडला त्याचं.

टॅगमध्ये नसलेल्या आणि टारबॉलमध्ये असलेल्या फायलींची यादी काढली. ३८. सगळ्या आपोआप तयार होणाऱ्या जातीच्या. एकेक उघडून पाहिली, एमफोर फायली सावकाश. दर आवृत्तीला ही यादी काढायची आणि मागच्या यादीशी ताडायची, हे डेबियन फोल्डरातल्या 'रीडमी.सोर्स' मध्ये लिहून ठेवलं.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

रिबेस, म्हणजे आपले पॅच नव्या कोडवर पुन्हा बसवणं. घरून केलं, भाकरी आणि शेंगाची चटणी टेबलावरच.

सतरांपैकी दोन 'गिट चेरी'ने आधीच ओळखले होते. मूळ लेखकांनी तंतोतंत तेच बदल घेतलेत, बहुधा सरांनी पूर्वी कधी पाठवले असतील. रिबेसमध्ये ते रिकामे निघाले आणि गळून पडले. आणखी चार दुरुस्त्या त्यांनी स्वतःच्या पद्धतीने केल्यात, आपल्यापेक्षा चांगल्या. कॉन्फ्लिक्ट आला तिथे त्यांचा कोड वाचला, आपली चाचणी त्यांच्या कोडवर चालवली, पास झाली, पॅच सोडला. सोडताना वाईट वाटायचं काही कारण नाही. पॅच गेला म्हणजे ते ओझं आता ज्याचं होतं त्याच्याकडे गेलं.

उरले ११. त्यातले चार खरं तर पॅचच नव्हेत. फॉन्टचा मार्ग, नक्षीच्या फायलींचं फोल्डर, मेनूची सुरुवातीची भाषा, कागदाचा आकार. हे कोडमध्ये हात घालून बदललं होतं, पण कॉन्फिगरच्या पर्यायांनी किंवा पॅकेजसोबत जाणाऱ्या सेटिंगच्या फायलीनेही तेच होतं. ते डेबियन फोल्डरात हलवले. ज्याला पॅच न करता भागतं त्याला पॅच करायचा नाही.

सात राहिले. सतरावा त्यातच. त्यांनी ते फंक्शन नव्याने लिहिलंय, त्यामुळे आपला पॅच लागेना. तपासणी तिथे अजून आहे, जास्त कडक झालीय. कारण माहीत नसताना तो टाकूनही देववेना आणि ठेववेना. तूर्त नव्या जागी तसाच बसवला, वर्णनात ठळक नोंद.

'रेरेरे' सुरू केलंय, एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट गिट लक्षात ठेवतं. आणि रिबेसच्या आधीची रांग आणि नंतरची रांग 'रेंज-डिफ'ने समोरासमोर वाचली. पॅचचा पॅच डोळ्यांनी वाचणं अशक्य असतं, रेंज-डिफ ते बोलकं करतं.

मंगळवार, ६ जानेवारी

आमच्या धाकट्या सहकाऱ्याने पॅच-क्यूची ब्रँच सर्व्हरवर पुश केली. चूक त्याची कमी, माझी जास्त. ती ब्रँच कच्ची असते हे मी लिहून ठेवलं नव्हतं. मी दुपारी पुन्हा रिबेस केलं, त्याच्याकडे जुने कमिट, माझ्याकडे नवे. त्याने 'पुल' केलं तेव्हा प्रत्येक पॅच दोनदा. तो घाबरला. "ताई, माझ्यामुळे सगळं गेलं का?"

काहीच गेलं नव्हतं, आणि ते त्याला शेजारी बसवून दाखवलं. खरी गोष्ट पॅचेस फोल्डरातल्या फायली. पॅच-क्यू म्हणजे त्या फायलींवर काम करता यावं म्हणून तेवढ्यापुरतं मांडलेलं रूप. दोघांनी आपापली पॅच-क्यू पुसली, 'पीक्यू इम्पोर्ट'ने दोन सेकंदांत पुन्हा उभी केली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

सर्व्हरवर गिटचा हुक, म्हणजे आपोआप चालणारी तपासणी, लावला: 'पॅच-क्यू/' ने सुरू होणारी कुठलीही ब्रँच आली की नकार, आणि नकारासोबत मराठीत दोन ओळी, का ते सांगणाऱ्या.

त्याने आणखी एक चांगला प्रश्न विचारला. पॅकेजच्या ब्रँचवर कुणी चुकून मूळ कोडच बदलला तर? करून पाहिलं. 'डीपीकेजी-सोर्स' बिल्ड तिथेच थांबवतं: मूळ कोडमध्ये अनपेक्षित बदल. जुन्या नेटिव्ह फॉरमॅटमध्ये हा पहारेकरीच नव्हता.

शनिवार, १० जानेवारी

आमच्या पॅकेजच्या सर्व्हरवर रेप्रेप्रो हा भांडार सांभाळणारा प्रोग्रॅम आहे. त्याने आज सहकाऱ्याचं पॅकेज नाकारलं: २.६ च्या 'ओरिग' (मूळ) टारबॉलचा चेकसम (बिटांवरून काढलेली ओळखखूण) आधी चढवलेल्याशी जुळत नाही. नाव एक, बिट वेगळे. बरोबरच नाकारलं.

शोधल्यावर कळलं ते असं. टारबॉल प्रिस्टिन-टारमधून काढायचा ही सेटिंग मी माझ्या घरच्या '.जीबीपी.कॉन्फ' मध्ये ठेवली होती, रेपोत नाही. त्याच्याकडे ती नसल्यामुळे जीबीपीने टॅगवरून स्वतः नवा टारबॉल बांधला. आत तेच, पण दाबण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून बिट वेगळे. शिवाय त्याने साधं 'गिट क्लोन' केलं होतं, त्यात प्रिस्टिन-टारची ब्रँच स्थानिक तयार होत नाही. 'जीबीपी क्लोन' तिन्ही ब्रँच उभ्या करतं.

सगळी सेटिंग आता डेबियन फोल्डरातल्या 'जीबीपी.कॉन्फ' मध्ये. माझ्या घरची फाईल रिकामी केली.

बुधवार, १४ जानेवारी

सिद्धेश्वरांची यात्रा. ऑफिस बंद. सातही नंदीध्वज डोळे भरून पाहिले. रात्री गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, मुलांना घेऊन गेले. काम नाही.

सोमवार, १९ जानेवारी

बुकवर्मची ब्रँच. चार कारखाने दिवाळीपर्यंत डेबियन १२ वरून हलणार नाहीत, आणि त्यांनी हलावं असा आग्रहही नाही. बुकवर्मला एलटीएस, म्हणजे लांबवलेली देखभाल, जून २०२८ पर्यंत आहे. 'सोलापूर/लेटेस्ट' वरून 'सोलापूर/बुकवर्म' काढली. तिच्यावर वेगळं राहील ते फक्त दोन लायब्ररींच्या जुन्या आवृत्त्या, जीबीपी.कॉन्फमधलं ब्रँचचं नाव आणि चेंजलॉग (आवृत्तीगणिक बदलांची नोंद). पॅच दोन्हीकडे सारखेच. बदल नेहमी लेटेस्टवर आधी, मग बुकवर्ममध्ये मर्ज, उलटं कधीच नाही.

आवृत्तीचा क्रमांक हा इथला नाजूक सांधा. ट्रिक्सीसाठी २.६-१, बुकवर्मसाठी २.६-१~सोल१२+१. डेबियनच्या तुलनेत '~' सगळ्यांच्या खाली लागतं, अगदी रिकाम्या शेवटाच्याही खाली. त्यामुळे कारखाना पुढे ट्रिक्सीवर गेला की तिथलं पॅकेज आपोआप वरचं ठरेल आणि अपग्रेड होईल. '~' ऐवजी '+' वापरलं असतं तर उलटं झालं असतं: बुकवर्मचं पॅकेज मोठं ठरून तसंच चिकटून बसलं असतं.

गिटला टॅगच्या नावात '~' चालत नाही. डीईपी-१४ मध्ये त्याची सोय आहे, '~' चं '_' करायचं. टॅग 'सोलापूर/२.६-१_सोल१२+१'. मर्ज करताना चेंजलॉगवर दर वेळी कॉन्फ्लिक्ट येणार, त्यासाठी 'डीपीकेजी-मर्जचेंजलॉग्ज' हा मर्ज ड्रायव्हर 'गिटॲट्रिब्यूट्स' मध्ये नोंदवला. चालतो.

शनिवार, २४ जानेवारी

अण्णांच्या कारखान्यात. नवे दोन कॉम्प्युटर, ट्रिक्सी, २.६-१. सकाळी दहाला पोचले. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून नक्षीच्या खोलीत मास्तरांसोबत बसले. जुन्या चादरींच्या तीसेक नक्ष्या उघडल्या, फायली लिहिल्या, जुन्या कॉम्प्युटरच्या फायलींशी बाइट बाइट ताडल्या. सगळ्या सारख्या.

मग सतरावा पॅच काढून बांधलेलं पॅकेज टाकलं. एकही नक्षी लिहिली जाईना. रांगेची लांबी जुळत नाही, एवढंच उत्तर. मास्तरांना विचारलं, ही लांबी कसली?

"बघा की ताई," म्हणत त्यांनी कागद ओढला. "जॅकार्डला हुक १३४४. त्यातले सोळा आम्ही किनारीला ठेवतो, आठ इकडे, आठ तिकडे. तिथं नक्षी जायची नाही, साधी वीणच पाहिजे, नाहीतर कड सुटते. म्हणून नक्षी काढतो १३२८ चीच."

दोन मिनिटांत अडीच वर्षांचं कोडं सुटलं. मूळ लेखकांच्या मते नक्षीची रुंदी आणि मशिनचे धागे उचलणारे हुक समान असायला हवेत. इथल्या नक्ष्या सोळाने कमी. तपासणी अडवत होती, म्हणून तपासणीच काढून टाकली. नक्ष्या चालू झाल्या, सगळे पुढे गेले.

पण तपासणी गेली ती सगळ्यांसाठीच गेली. मी विचारलं, चुकून १३३६ ची नक्षी आली तर? मास्तर गप्प झाले. मग म्हणाले, आली होती. मागच्या दिवाळीआधी बाहेरून करून घेतलेली एक नक्षी. साठ-सत्तर चादरी कडेला सैल निघाल्या, व्यापाऱ्याने परत केल्या. ताण नीट ठेवला नाही म्हणून माग चालवणाऱ्याला बोल लागला आणि त्या आठवड्याचे पैसे कापले गेले.

ती नक्षी अजून डिस्कवर होती. उघडली. १३३६. आठ हुक किनारीत घुसलेले.

मला ते बघवेना. २००८ ची गोष्ट मी शिकवताना नेहमी सांगते. डेबियनच्या ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीमध्ये २००६ साली एका साधनाची तक्रार थांबावी म्हणून दोन ओळी काढल्या गेल्या. मूळ प्रकल्पाकडे विचारणाही झाली होती, पण त्याने काय मोडतंय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. १३ मे २००८ ला जाहीर झालं तोवर जवळजवळ दोन वर्षं, डेबियनवर तयार होणाऱ्या गुप्तलेखनाच्या किल्ल्यांमागे प्रोसेस आयडीशिवाय (चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकाशिवाय) खरी यादृच्छिकता उरली नव्हती. एका जातीच्या आणि आकाराच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ शक्यता. ती मोठी गोष्ट, दूरची. इथे आमच्या पॅकेजमध्ये तीन ओळी, आणि पलीकडे मागावर उभा माणूस.

अण्णांकडे गेले आणि सगळं सांगितलं, चूक आमच्या पॅकेजची आहे हेही. अण्णा बराच वेळ नक्षीच्या कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे त्याचं काही चुकलं नव्हतं की ओ." नव्हतं, म्हटलं. कापलेले पैसे आमच्याकडून घ्या असंही सांगितलं, सरांना विचारून. अण्णा नको म्हणाले, ते मी बघतो.

सोमवार, २६ जानेवारी

सुट्टी होती, तरी बसले. सतरावा पॅच रद्द. त्याच्या जागी नवा: 'राखीव हुक' असा पर्याय. तपासणी पुन्हा जागेवर, पण आता नक्षी अधिक राखीव मिळून मशिनचे हुक झाले पाहिजेत. पर्याय दिला नाही तर राखीव शून्य, म्हणजे इतर कुणाचंही वागणं बदलत नाही. सोळा हा आकडा पॅचमध्ये नाही. तो 'ईटीसी' मधल्या सेटिंगच्या फायलीत, कारखान्यागणिक वेगळा ठेवता येईल असा.

१३२८ चालली. १३३६ अडवली, आणि कारण सांगून: नक्षी आठ हुकांनी रुंद आहे.

पॅच मूळ लेखकांना पाठवला. सोबत मास्तरांचा कागद इंग्रजीत समजावून, किनारीचा फोटो जोडून. आणखी चार पॅचही पाठवले, एकेक वेगळा. दोन आपलेच राहतील, तिथल्या कुणाला त्यांचा उपयोग नाही. त्यांच्या डोक्यावर 'फॉरवर्डेड: नॉट-नीडेड', म्हणजे पाठवायची गरज नाही, आणि का ते.

बुधवार, ४ फेब्रुवारी

मूळ लेखकांचं उत्तर आलं. राखीव हुकांचा पॅच घेतला, मात्र डावे आणि उजवे वेगळे देता यावेत असा बदल करून. त्यांच्याकडच्या एका विणकरालाही हेच हवं होतं म्हणे, तो दर वेळी नक्षीत हाताने रिकाम्या रांगा भरायचा. बाकी चारांतले तीन घेतले, एकावर प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर उद्या देते.

आपल्या पॅचच्या जागी त्यांचा अंतिम कमिट 'चेरी-पिक -एक्स' करून आणला, वर्णनात 'अप्लाइड-अपस्ट्रीम' ची, म्हणजे मूळ लेखकांनी घेतल्याची, ओळ घातली. पुढची आवृत्ती आली की रिबेसमध्ये हे चारही गळतील. सेटिंगच्या फायलीत सोळाच्या जागी आता आठ आणि आठ.

२.६-२ आज दुपारी अण्णांकडे गेलं. सहकारी एकटाच गेला होता. परत येऊन म्हणाला, ताई, तो माग चालवणारा दादा तिथेच होता, मास्तरांनी त्याला स्क्रीनवर १३३६ ची नक्षी उघडून दाखवली, अडते ती. त्याने दोनदा बघितली.